सहा नंबरची धून

…तर काल दाताचं सांगायचं राहूनच गेलं. तोकुजी इसोगाईचा पुढचा दात तुटला तो चेंडूने नव्हे, आणि मारामारीतही नव्हे. तो तुटला खारवलेल्या आलुबुखाराच्या बीने. बेसबॉलचा सामना, सातवा डाव चालू, आपला संघ सीगल्स एका रनने मागे, आणि ह्या गृहस्थाने मैदानावरची नजर न काढता डब्यातला भाताचा गोळा कचकन चावला. ट्रंपेट वाजवणाऱ्याचा पुढचा दात जाणं म्हणजे दाराची कडी जाण्यासारखं. ओठाला टेकू राहत नाही, हवा फुस्सकन बाहेर. तरी उरलेले दोन डाव तो तोंडाच्या कोपऱ्यातून वाजवत राहिला. पलीकडच्या स्टँडातल्यांना वाटलं, ह्यांनी आज बदक आणलंय.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेला तो ट्रंपेट घेऊनच. म्हणाला, "दात बसवा, पण वाजवून बघितल्याशिवाय मी खुर्चीतून उठायचा नाही." डॉक्टरने बसवला, ह्याने वाजवलं. डॉक्टरने काढला, घासला, पुन्हा बसवला. ह्याने पुन्हा वाजवलं. असं अकरा वेळा. बाहेर बसलेले लोक गाल धरून एकेक करत घरी निघून गेले. शेवटी धून नीट उमटली तेव्हा डॉक्टर स्वतःच हातातल्या आरशाने खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरून उभा होता.

तो दात अजून शाबूत आहे. गेलं ते वेगळंच. तोकुजीचं फुफ्फुस गेलं.

ओकिहामाच्या गोदीत त्याने तेहतीस वर्षं वेल्डिंग केलं. जहाजाच्या पोटात शिरायचं, पाइपांभोवती गुंडाळलेला तो पांढरा कापसासारखा माल फाडायचा, पाइप जोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. हिवाळ्यात पोरं तोच माल एकमेकांच्या डोक्यावर बर्फ म्हणून उधळत. हसायची, खोकायची, पुन्हा हसायची. गोदीचा स्वतःचा बँड होता. त्यात तोकुजी ट्रंपेट शिकला, आणि सत्ताविसाव्या वर्षापासून सीगल्सच्या उजव्या स्टँडात उभा राहून वाजवू लागला. ह्या मार्चला त्याला चव्वेचाळीस वर्षं होत होती.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच: आपला गडी बॅट घेऊन आला की आपण वाजवायचं, गायचं, नाचायचं. समोरच्यांचा गडी आला की हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. वाजवणाऱ्याच्या गळ्यात स्टँडांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीने दिलेलं कार्ड असतं, आणि ते दरवर्षी नव्याने मागावं लागतं. समोरच्यांच्या पाळीत ट्रंपेट फुंकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या प्रेतयात्रेत आपली वरात घुसवणं. चव्वेचाळीस वर्षांत तोकुजीच्या हातून ते कधी घडलं नव्हतं.

फेब्रुवारी आला की त्याची एक वही निघायची. पहिल्या पानावर वर्ष लिहायचं, त्याखाली सीगल्स ह्या हंगामात कितवे येणार ते. चव्वेचाळीस वेळा त्याने "पहिले" असं लिहिलं होतं. खरं झालं एकदा, अडतीस वर्षांपूर्वी. गेल्या सहा वर्षांत संघ पाच वेळा शेवटचा आला. पण फेब्रुवारीत अजून कुणी हरलेलं नसतं. वहीत मग काळज्यांची यादी. काजितानीचा खांदा सराव शिबिरात पुन्हा सुजला. बाहेरून आणलेला उंच पिचर थंडीला कंटाळून परत गेला. कॅचर चाळिशीला टेकला, त्याचे गुडघे बसताना वाजतात ते स्टँडात ऐकू येतात. आणि आशेच्या बाजूला एकच नाव, दोनदा अधोरेखित: तेराउची. गेल्या वर्षी शिराताकी बेअर्सकडून एकतीस होमरन मारलेला हा गडी ह्या हिवाळ्यात सीगल्सनी आपल्याकडे ओढून आणला होता.

ह्या खेपेला वहीच्या शेवटच्या पानावर मात्र आणखी एक यादी होती, ती त्याने कुणाला दाखवली नव्हती. रोज सकाळी समुद्रावरच्या पुलाच्या खांबाखाली उभं राहून तो एक लांब सूर धरायचा आणि मनात आकडे मोजायचा. पूर्वी बारापर्यंत जायचा. नोव्हेंबरात नऊ. नव्या वर्षाला सात. फेब्रुवारीत पाच.

छातीचा डॉक्टर तरुण होता, पण तोंडाने फटकळ. "आजोबा, आत जेवढी जागा उरलीय ना, ती चालायला, जिना चढायला आणि रागवायला पुरेल. ट्रंपेटला पुरायची नाही."

"मग रागवायचं सोडतो," तोकुजी म्हणाला. "तेवढी जागा ट्रंपेटला द्या."

डॉक्टर हसला नाही. बायको, सुमिए, शेजारीच बसली होती. तीही हसली नाही. घरी आल्यावर तिने सरळ एक काम केलं. कार्डाच्या फॉर्मवर सहीऐवजी घराच्या नावाचा शिक्का उठवावा लागतो, तो शिक्काच तिने लपवला.

तोकुजीने खण उपसले, कपाट उपसलं, देवघराच्या मागे हात घालून धूळ काढली.

"शिक्का कुठाय?"

"मला काय माहीत? तुमची ती पिपाणी कुठाय ते तुम्हाला माहीत असतं. शिक्का तुम्हीच कुठेतरी ठेवला असेल."

"सुमिए, फॉर्मची मुदत संपतेय."

"मुदत सगळ्यांचीच संपत असते," ती म्हणाली आणि तांदूळ धुवायला बसली.

तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीला त्याच्या वाटीशेजारी शिक्का उभा करून ठेवलेला. त्याच्या खाचांत तांदळाचा पांढरा भुगा बसला होता. बाई पहिल्यापासून तांदळाच्या डब्यातच ठेवून होत्या.

"लावा," ती म्हणाली. "घरी बसून तुमचं जे काय होईल ते मला बघवायचं नाही. पण हे एकच वर्ष. पुढच्या वर्षी फॉर्म आला तर मी तो चुलीत घालेन."

"आपल्याकडे चूल कुठाय?"

"आणीन."

त्याने शिक्का लावला. फॉर्मवर एक ओळ होती, 'वाद्य वाजवण्यास शरीराने समर्थ आहे', तिच्यापुढेही त्याने खूण केली.

आता मूळ दुखणं सांगतो. तेराउचीला ओढून आणलं खरं, पण बेसबॉलमध्ये असा मोठा गडी फुकट मिळत नाही. नियमच आहे: तुम्ही आमचा माणूस नेलात, तर तुमच्या अठ्ठावीस गड्यांची नावं तुम्ही झाकून ठेवा, झाकलेल्यांना आम्ही हात लावणार नाही. उरलेल्यांतून मात्र एक आम्ही उचलणार. माणसाच्या बदल्यात माणूस. आणि बेअर्सनी उचलला तो ओकिमोतो. सहा नंबर. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. बारा वर्षं सीगल्सचा.

ओकिमोतो काही मोठा गडी नव्हता. बारा वर्षांत होमरन मोजून अकरा. पण तो ओकिहामाचाच. त्याचा बाप गोदीत क्रेनवर असायचा; तोकुजी खाली जहाजाच्या पोटात आणि तो वर आभाळात. पोरगा पहिल्यांदा मोठ्या संघात आला तेव्हा त्याला गाणं हवं होतं, कारण प्रत्येक गड्याला स्टँडाने आपलं गाणं द्यायचं असतं. ते तोकुजीने केलं. त्याआधी चार वर्षं गोदी बंद पडली होती. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला वाजणारा तिचा भोंगा मुका झाला होता. तोकुजीने धून सुरू केली ती त्या भोंग्याच्या सुरानेच. खालून घुमत वर चढणारा, वर जाऊन क्षणभर थबकणारा. चार ओळी. दोन ओळी, मग ढोलाचे चार ठोके आणि सगळ्या स्टँडाची "ओ-कि-मो-तो", मग पुढच्या दोन ओळी, आणि शेवटचा सूर लांब. पहिल्यांदा वाजली त्या दिवशी गोदीतली जुनी माणसं बाकांवर बसून खाली बघत राहिली होती. एकाने तर सवयीने घड्याळ बघितलं.

ओकिमोतोची एक लकब होती. शेवटचा सूर संपेपर्यंत तो चौकटीत पाऊल ठेवायचा नाही. सूर संपला की बॅट बुटावर दोनदा आपटायची, आणि मग आत. बारा वर्षं.

त्याला उचलल्याची बातमी जानेवारीत वर्तमानपत्रात आली त्या सकाळी तोकुजीने जेवण्याच्या काड्या हातात धरल्या त्या धरूनच बसला.

"अहो, सूप निवतंय."

"अठ्ठावीस नावं झाकता येतात, सुमिए. अठ्ठावीस! काल आलेली शाळकरी पोरं झाकली असतील. हा मात्र उघडा ठेवला."

सुमिएने त्याच्याकडे बघितलंही नाही. "गोदीवाल्यांनी तुमचं नाव तरी कुठे झाकलं होतं?"

तोकुजीने काड्या खाली ठेवल्या. गोदी बंद झाली तेव्हा पलीकडच्या बंदरात न्यायच्या माणसांची अशीच एक यादी लागली होती. भिंतीवर चिकटवलेली. ती तो तीनदा वाचून घरी आला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात माकिहाराने सगळ्या वाजवणाऱ्यांना दुकानामागच्या खोलीत बोलावलं. माकिहारा म्हणजे उजव्या स्टँडाचा म्होरक्या. बावन्न वर्षांचा, मासळीवाला, हात असे की ढोल बिचारा त्याला घाबरूनच वाजावा. बर्फाच्या खोक्यांवर सगळे बसले. तोकुजी शेवटी पोचला. नुसता श्वास गोळा करत बसला.

"काका, उद्घाटनाचा सामना अठ्ठावीसला," माकिहारा म्हणाला. "तेराउचीला गाणं पाहिजे. एकतीस होमरनचा माणूस आपल्याकडे येतोय, आणि आपण काय, टाळ्या वाजवणार?"

"मी करतो नवीन."

"कधी करणार? आत्ता माझ्या पायऱ्या चढताना तुम्ही तीनदा थांबलात. मी खालून बघत होतो." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आम्ही असं ठरवत होतो, सहा नंबरची धून तेराउचीला द्यावी. शब्द बदलू. सगळ्या स्टँडाला पाठ आहे. एका दिवसात बसेल."

खोलीत नुसतं बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"ज्याच्या बदल्यात तो गेला," तोकुजी म्हणाला, "त्यालाच त्याची धून?"

"गाणं संघाचं असतं, काका. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"शिकवलं. पण मासा विकून झाल्यावर तू आता त्याच्या टाकीतलं पाणीसुद्धा विकायला बसलास, माकिहारा."

दोघंतिघं हसले. माकिहाराचे कान लाल झाले, पण तो चिडला नाही. हात वर करून मत घेतलं. अकरातले नऊ हात वर गेले. तोकुजीचा हात ट्रंपेटच्या पेटीवर होता तो तिथेच राहिला.

"पहिला सूर तुम्हीच द्यायचा," निघताना माकिहारा म्हणाला. "अठ्ठावीसला. तुमच्याशिवाय तो भोंगा दुसऱ्या कुणाला निघत नाही." दुसऱ्या दिवशी पुलाखाली तोकुजीने तीच धून धरली, कारण अठ्ठावीसला वाजवायचं तर होतंच. चव्वेचाळीस वर्षांत एकही उद्घाटन चुकलं नव्हतं, आणि ह्यानंतरचं येणार नाही हे त्याला, सुमिएला आणि वहीच्या शेवटच्या पानाला ठाऊक होतं.

सोळा मार्चला सराव सामना. आपल्याच मैदानावर, दुपारी एक वाजता, आणि समोर नेमके बेअर्स. समुद्रावरून वारा असा की बाकांवरचे कागदी पेले उडत होते. सराव सामना म्हणून डाव्या स्टँडात बेअर्सची जेमतेम तीसेक माणसं. वाद्यं आणलेली नव्हती, नुसत्या टाळ्या. तेराउचीने पहिल्याच डावात एक चेंडू उजव्या स्टँडात पाठवला, तोकुजीपासून पाच बाकांवर. सगळे उठून नाचले. तोकुजीही हसला. खरं सांगायचं तर तो खूप हसला. फटका होताच तसा. "ह्या वर्षी पहिले," तो शेजारच्या बाईला म्हणाला. "लिहून ठेवलंय मी."

दुसऱ्या डावात बेअर्सची पाळी. सगळे बसले, हात मांडीवर. आणि लाउडस्पीकरवरून बाईंचा आवाज आला. मैदानावर नावं पुकारणाऱ्या बाई त्याच, बारा वर्षांपासूनच्या. त्यांनीही ते नाव त्याच लयीत म्हटलं, शेवटचं अक्षर जरा वर उचलून: "शॉर्टस्टॉप… ओकिमोतो."

निळ्या कपड्यांत, पाठीवर अठ्ठावन्न नंबर घेऊन ओकिमोतो बाहेर आला. चौकटीच्या बाहेर उभा राहिला. बेअर्सनी त्याला अजून गाणं केलेलं नव्हतं. तीस टाळ्या वाऱ्यात कुठल्या कुठे गेल्या.

तोकुजीच्या ओठांना ट्रंपेट लागलं ते त्याच्या डोक्याला कळलं नाही. गोदीत आठाचा भोंगा झाला की पाय आपोआप फाटकाकडे वळायचे, तसं. तो उठला आणि भोंग्याचा सूर मैदानावर चढला. पहिली ओळ. दुसरी ओळ. समोर ओकिमोतो तसाच उभा, मान किंचित खाली. बारा वर्षं उभा राहायचा तसा.

दुसरी ओळ संपली आणि ढोल आला नाही.

त्या शांततेत तोकुजी जागा झाला. त्याने डावीकडे बघितलं. माकिहाराची काठी हवेत होती. तोही उठलेला, काठी वर उचललेली, आणि तशीच गोठलेली. स्टँडातली तीनशे माणसं तोकुजीकडे बघत होती. बारा वर्षं ज्यांनी ते नाव ओरडलं त्यांतल्या एकाच्याही तोंडातून अक्षर फुटलं नाही. डावीकडच्या स्टँडातून कुणीतरी खेकसलं, "ए म्हाताऱ्या! हा तुझा डाव नाही!"

ट्रंपेट खाली घ्यायला तेवढा वेळ भरपूर होता.

तोकुजीने श्वास घेतला. डॉक्टरने करू नका म्हणून सांगितलेला तो पोटापासूनचा श्वास. छातीत काहीतरी जुन्या जाड कापडासारखं टरकलं. आणि त्याने तिसरी ओळ वाजवली, मग चौथी, मग शेवटचा सूर. मनात आकडा मोजला नाही. पण शेजारच्या बाईने नंतर सांगितलं की तो सूर खूप लांब गेला.

ओकिमोतो चौकटीबाहेरच उभा होता. पंच हात हलवून त्याला आत बोलावत होता, काहीतरी ओरडत होता. तो गेला नाही. सूर संपला तेव्हा त्याने बॅट बुटावर दोनदा आपटली, आणि मग आत पाऊल टाकलं.

तीन चेंडू आले. त्याने एकावरही बॅट फिरवली नाही. तिसरा चेंडू कॅचरच्या हातात जाऊन बाद ठरल्यावरही तो थोडा वेळ तसाच उभा होता.

"भान आहे का, काका?" मागून आपल्याच कुणीतरी म्हटलं. तोकुजी वाकून खोकत होता, आणि रुमाल तोंडावरून काढायला तयार नव्हता.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. बेअर्सनी ओकिमोतोला उद्घाटनाच्या संघातून काढून खालच्या संघात, पोरांबरोबर सरावाला पाठवलं होतं. कारण दिलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी समितीचं पत्र आलं. बेअर्सच्या माणसांनी तक्रार केली होती: आमच्या गड्याच्या पाळीत वाद्य वाजवून त्याचं लक्ष मोडलं. चौकशी पंचवीसला.

चोवीसला माकिहारा घरी आला. हातात एक मोठा तांबोशी मासा कागदात गुंडाळलेला. तो त्याने सुमिएला दिला आणि दारातच, बूट न काढता, बसला.

"काका, मी आत येत नाही. एवढंच सांगतो. त्यांच्या कागदावर दोन चौकटी आहेत. 'चुकून' आणि 'जाणूनबुजून'. चुकून म्हणालात तर नुसती ताकीद. अठ्ठावीसला पहिला सूर तुमचा. जाणूनबुजून म्हणालात तर कार्ड जन्मभरासाठी जाईल. ह्यापुढे वाद्य घेऊन कुठल्याच मैदानात शिरू देणार नाहीत. स्टँडाला दोन्हीकडून काही होणार नाही, त्याची काळजी नको."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"मी सांगितलं, काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. नाव ऐकलं आणि हात उचलला गेला. आणि ते खरंच आहे ना?"

"तू माझ्या शेजारी होतास. तुला काय दिसलं?"

माकिहारा आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "मला काय दिसणार? मी काठी वर धरून उभा होतो." मग उठला. "चुकून म्हणा, काका. हात जोडतो. तुम्हाला कुणी काय म्हणणार नाही. म्हातारं माणूस, चुकलं."

तो गेल्यावर सुमिएने मासा साफ करायला घेतला. बराच वेळ खवले उडत होते.

"अहो," ती पाठमोरीच म्हणाली, "चुकून म्हणा."

"तू तर शिक्का तांदळात पुरला होतास."

"तेव्हा पुरला होता." सुरी थांबली. "ह्या एका वर्षापुरतं म्हणा. पुढच्या वर्षी कोण विचारायला येणारे?"

तोकुजी खिडकीशी बसला होता. "त्याला पोरांत पाठवलंय, सुमिए. चौतिसाव्या वर्षी. माझ्यामुळे असेल किंवा नसेलही. पण मी चुकून म्हटलं, तर त्याने बाहेर उभं राहून जे ऐकलं ते काय होतं? म्हाताऱ्याची उबळ?"

"त्याचा एक फोन तरी आला का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

रात्रीचं जेवण त्याने सगळं संपवलं, माशाच्या डोक्यासकट, आणि सुमिएला वाटलं की माणूस ऐकला.

पंचवीसला सकाळी दहा वाजता तो समितीच्या खोलीत गेला. पुलावरून चालत गेला. वाटेत चारदा थांबला. सुमिए बाहेरच्या बाकावर थर्मासमध्ये जवाचा चहा घेऊन बसली. आत एक लांब टेबल, पलीकडे तिघं. मधले गृहस्थ केस पांढरे झालेले, एकेकाळी दुसऱ्या कुठल्या स्टँडात ढोल वाजवणारे. हाताच्या घट्ट्यांवरून ओळखू येत होतं. त्यांनी तोकुजीला उठू दिलं नाही, चहा मागवला, खोकला थांबेपर्यंत कागदाकडे बघत राहिले. तोकुजीने गळ्यातलं हिरवं कार्ड काढून टेबलावर ठेवलं नव्हतं. शिक्का मात्र डबीतून काढून समोर ठेवला होता. त्याच्या खाचेत तांदळाचा एक कण अजून तसाच होता.

"इसोगाईसाहेब," मधले गृहस्थ म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत तुमच्या नावावर एक बोट कुणी ठेवलेलं नाही. अठ्ठावीसचं उद्घाटन तुमच्याशिवाय व्हावं असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. आमच्या हातून तेवढं घडवू नका." त्यांनी कागद त्याच्याकडे वळवला आणि बोट पहिल्या चौकटीशी नेऊन ठेवलं. "माणसाचं वय होतं. माझंही झालंय. इथे खूण करा, शिक्का उठवा, आणि घरी जाऊन विश्रांती घ्या. मी फक्त रीत म्हणून विचारतो: चुकून वाजवलंत ना?"

तोकुजीने कागद वाचला. दोन्ही चौकटी वाचल्या. दाराच्या काचेतून बाकावर बसलेल्या सुमिएचं अर्धं डोकं दिसत होतं, तिकडे एकदा बघितलं. मग शिक्का उचलून डबीत ठेवला, डबी बंद केली, आणि बोलण्यापुरता श्वास गोळा झाल्यावर म्हणाला:

"पहिल्या दोन ओळी चुकून वाजल्या, साहेब. मग ढोल आला नाही, तेव्हा मला कळलं. पुढच्या दोन मी वाजवल्या."